दोन हात सूत

माझ्या आत्याला मी म्हातारी म्हटलं ते एकदाच, आणि तेही तिच्या पाठीमागे, माझ्याच दुकानाच्या काउंटरवर उभं राहून. तसं बघायला गेलं तर त्यात खोटं काय होतं? एकोणऐंशी वर्षांची बाई म्हातारीच असते. पण ज्या कारणासाठी म्हटलं ना, ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात. हे मी मन हलकं करायला सांगत नाहीये. असल्या गोष्टींनी मन हलकं होत नसतं, ती सगळी बोलाची कढी. आत्याबद्दल चार लोकांत मी एक खोटं सांगितलं होतं, ते माझ्याच तोंडानं परत घ्यायचं आहे, एवढंच.

आमचं रफूचं दुकान. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला आणि मधल्या चिंचोळ्या जागेत एक काउंटर, एक ट्यूबलाइट आणि मी. आधी वडील बसायचे, आता मी बसते. जुन्या शाली, पांघरुणं, गालिचे, कुणाच्या आजोबांचा कोट, असलं काय काय येतं. आमचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी: जुन्या कापडाला आम्ही जुनंच सूत लावायचो. नवं सूत दणकट असतं. ते जुन्या कापडात भरलं की शेजारच्या थकलेल्या धाग्यांना ओढून धरतं, आणि वर्षभरात छिद्राच्या बाजूला दुसरं छिद्र पडतं. वडील गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगायचे, "शंभर वर्षांचं हातसूत आहे, झाडपाल्याचा रंग आहे." मी शाळेत होते तेव्हाही ते सूत शंभर वर्षांचंच होतं आणि वडील गेले तेव्हाही शंभरच. त्याचं वय काही वाढलं नाही.

सूत यायचं आत्याच्या पेटीतून. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायची, "चादरींतून सवड मिळाली नाही गं." तीस वर्षं ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. रोज शेकडो पांढऱ्या चादरी उकळायच्या, पिळायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या. पांढऱ्यावर पडलेला डाग तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचा. आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी हीच बाई गच्चीवर तीन पातेली मांडून रंग उकळत बसायची. आठवडाभर डाग घालवायचे आणि रविवारी पाडायचे, असं वडील तिला चिडवायचे. तिची नखं निळीनं कायम निळसर असायची. बसमध्ये लोक जरा सरकून बसायचे. आत्याला त्याचं काही नाही, उलट म्हणायची, "बरंय की, ऐसपैस बसायला मिळतं."

पेटीतलं सगळं सूत माझ्या आजीनं, म्हणजे आत्याच्या आईनं, टकळीवर कातलेलं होतं. कुठे जाड, कुठे बारीक, जुन्या कापडात असतं अगदी तसं. निळं निळीचं, पिवळं डाळिंबाच्या सालीचं, तपकिरी अक्रोडाच्या सालीचं, आणि लाल मंजिष्ठेच्या मुळांचं. लाल लडी सगळ्यांत जास्त, तेवीस होत्या. त्या आत्यानं स्वतः रंगवलेल्या, वयाच्या पंधराव्या वर्षी. तिचं पहिलंवहिलं काम. रंगवून झाल्यावर आजीनं ओली लड पांढऱ्या रुमालात दाबली, रुमाल उलगडून तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, "पक्का. डाग नाही." आजी कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. तिनं आयुष्यात आत्याचं कौतुक केलं ते या तीन शब्दांत. आत्यानं ती हकिकत मला किमान दोनशे वेळा ऐकवली असेल, आणि दर वेळी सांगताना रुमाल धरल्यासारखे हात पुढे करायची.

तिचे नियम ठरलेले. सूत द्यायचं ते सकाळी दहाच्या आत, पूर्वेच्या खिडकीपाशी, कारण चार लाल रंगांतला फरक त्याच उजेडात कळतो. देताना हातानं मोजायचं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. आत्या बुटकी, त्यामुळे तिचा हात आखूड. मी नेहमी कुरकुरायचे, की तुझ्या दहा हातांत माझे नऊच होतात. त्यावर ती म्हणायची, "कमी पडलं तर ये मागायला. लाजतेस कशाला? घरचंच आहे."

गेल्या वर्षी एक डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. निवृत्त झालेल्या, करड्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. पिशवीतून त्यांनी एक दुपटं काढलं. पांढरं, लाल काठाचं, त्यांच्या पणजीच्या वेळचं. त्यांच्या घरात चार पिढ्यांची बाळं याच दुपट्यात गुंडाळून घरी आलेली. काठ उंदरानं कुरतडला होता, तळहाताएवढं भोक. त्यांच्या मुलीला महिन्याभरात बाळ व्हायचं होतं. "होईल ना वेळेत?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "होईल की. शंभर वर्षांचं सूत आहे आपल्याकडे, पक्क्या रंगाचं." वडिलांचंच वाक्य, अगदी त्यांच्याच ठेक्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुपटं घेऊन आत्याकडे गेले. तिनं चार लडी काठाशी लावून बघितल्या, एक निवडली, बावीस हात मोजून दिले. मग माझ्या पिशवीतली दुसरी एक शाल तिच्या हाती लागली. ती तिनं उलटी केली, आणि झालं!

"ही टोकं केवढी सोडलीयेस? बोटबोटभर! हे सूत काय नळाला येतं?"

"आखूड सोडली की सुटतात," मी म्हणाले.

"तुझ्या बापाची कधी सुटली नाहीत."

बापाचं नाव काढलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात, हे तिला पक्कं ठाऊक. मी म्हटलं, "मग तूच बस ना दुकानात. दिवसभर मान मोडून काम करायचं आणि वर हे ऐकायचं!"

"सुंभ जळेल, पण तुझा पीळ नाही जायचा," आत्या म्हणाली आणि हसली. ती हसली याचाच मला जास्त राग आला. चहा न घेता मी जिना उतरले.

आणि सूत कमी पडलं. पडणारच होतं. रागारागात मी टोकं आणखीच लांब सोडत होते, जसं काही तिला दाखवूनच देणार होते. काठाचा शेवटचा दोन बोटं रुंदीचा पट्टा राहिला आणि हातातलं सूत संपलं. फार तर दोन हात हवं होतं. आत्याचं घर दुकानापासून पंधरा मिनिटांवर. पण जायचं म्हणजे तिचं म्हणणं खरं होतं असं कबूल करायचं. मेले असते पण गेले नसते! मी कोपऱ्यावरच्या बटणं-दोरेवाल्याकडे गेले, लाल दोऱ्याची गुंडी आणली, ट्यूबलाइटखाली काठाशी धरली. हुबेहूब. एका धाग्याचा फरक दिसेना. कुणाच्या बापाला कळणार आहे, असं म्हणत मी तेवढा पट्टा भरून टाकला. दुसऱ्या दिवशी उन्हात बघितलं तेव्हा तो किंचित जास्त झगमगत होता. मी बघितलं, घडी घातली आणि बाईंना देऊन टाकलं.

बारा दिवसांनी डॉक्टरीणबाई परत आल्या. दुकानात तेव्हा कोट घ्यायला आलेले एक मास्तर होते, आणि किल्लीवाला नेहमीप्रमाणे काउंटरला टेकून गप्पा मारत होता. बाईंनी काही न बोलता दुपटं उलगडलं. काठाच्या एका कोपऱ्यापासून पांढऱ्या कापडात लाली पसरली होती, चांगली ताटाएवढी. मी बघताक्षणी ओळखलं. माझा दोन बोटांचा पट्टा तेवढा फिका पडला होता. बाकी आत्याचं सूत जसंच्या तसं.

"बाळासाठी म्हणून कोमट पाण्यात धुतलं हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर पक्का रंग म्हणाला होतात." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते, भांडायला मी कधीही तयार. पण त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मास्तर बघत होते. किल्लीवाला बघत होता.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "सूत माझ्या आत्याकडून येतं. रंगाचं सगळं तीच बघते. म्हातारी झाली हो ती आता. दिसत नाही तिला नीट. आम्ही तरी काय बोलणार?"

वड्याचं तेल वांग्यावर! तेही कुणाच्या? जिनं मला सुई धरायला शिकवली तिच्या. डॉक्टरीणबाईंचा चेहरा एकदम मवाळ झाला. "अरेरे," त्या म्हणाल्या. "नाही, नाही, म्हाताऱ्या माणसाला काही बोलू नका. तुम्ही फक्त हा डाग जातो का बघा." दुपटं ठेवून त्या गेल्या. मास्तर कोट घेऊन गेले. किल्लीवाला म्हणाला, "आत्याबाई थकल्या म्हणायच्या." मी "हूं" केलं. तेवढ्या "हूं"नं खोटं पक्कं झालं.

तिथेच संपलं असतं तर कदाचित मी विसरलेही असते, मी काय कमी निगरगट्ट नाही. पण डॉक्टरीणबाई भल्या निघाल्या. मी नको नको म्हणत असताना त्यांनी आत्याचा पत्ता किल्लीवाल्याकडून घेतला आणि दोन दिवसांनी तिचे डोळे तपासायला तिच्या घरी गेल्या. फुकट, आपणहून, बॅटरी आणि अक्षरांचा तक्ता घेऊन. शुक्रवारी मला आत्याचा फोन आला.

"तुझ्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. लाल रंग फुटला म्हणे दुपट्यात?"

मी हातातली सुई खाली ठेवली.

"ते दुपटं घेऊन ये. बघू दे मला."

दुपटं माझ्या काउंटरखाली होतं, पायाला लागत होतं. मी म्हणाले, "त्या परत घेऊन गेल्या."

"बरं," म्हणाली. "मला सांगितलं नाहीस ते? मला वाईट वाटेल म्हणून?"

"हो," मी म्हणाले. घ्या! तिनं मला पळवाट दिली आणि मी निर्लज्जासारखी त्या वाटेनं निघाले.

"बरं. मग काय करायचं ते मी करते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. काय करणार आहेस, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. खरं सांगते, सुचलं होतं. पण विचारलं तर बोलणं लांबेल, लांबलं तर मी सापडेन, म्हणून नाही विचारलं.

शनिवार गेला, रविवार गेला. जेवण गोड लागेना. सोमवारी सकाळी उठले आणि तिच्याकडे गेले. सांगायलाच गेले होते, असं मला आता वाटतं, पण माझा भरवसा नाही. कदाचित अंदाज घ्यायलाही गेले असेन. जिन्यातच धुण्याच्या सोड्याचा वास आला, डोळ्यांत जाणारा. खोलीत कुणी नव्हतं. पेटी उघडी होती आणि निळ्या, पिवळ्या, तपकिरी लडींच्या शेजारची जागा रिकामी होती.

आत्या गच्चीवर होती. लाँड्रीतून निवृत्त होताना मिळालेलं एक मोठं पातेलं शेगडीवर होतं आणि ती लाकडी दांड्यानं ढवळत होती. पदर खोचलेला, चेहरा वाफेनं लाल.

"ये," ती म्हणाली. "बरं झालं आलीस. जरा धर हे, माझा खांदा भरून आलाय."

"आत्या, हे काय करतेस?"

"सगळ्या लाल लडी घातल्या. सोड्यात उकळून कच्चा रंग एकदाचा काढून टाकते. लाँड्रीत असंच करायचो आम्ही. रंग फुटणारं कापड वेगळं काढायचं आणि फुटायचं तेवढं फुटू द्यायचं. नाहीतर उद्या आणखी कुणाच्या बाळाचं दुपटं खराब होईल. आपलं नाव जाईल ते जाईल, पण लोकांच्या वस्तू परत येतात होय?"

मी पातेल्यात बघितलं. लडी राहिल्याच नव्हत्या. सगळ्यांचा मिळून एक गोळा झाला होता, न्हाणीघराच्या जाळीत केसांचा होतो तसा. आत्यानं दांड्यानं तो वर उचलला आणि मधूनच तुटून अर्धा परत पाण्यात पडला. चाळीस वर्षं जे सूत ती दोन बोटांत धरून हळुवार उलगडायची, ते उकळत्या सोड्यात किती टिकणार? ती काय हे जाणत नव्हती? माझ्याहून शंभरपट जाणत होती. पण रंगच मुळात कच्चा असेल तर सूत ठेवून करायचंय काय, असा तिचा हिशेब.

"डोळे तपासले त्यांनी," आत्या सांगत होती. "डोळ्यांना काही झालेलं नाही. मग मी विचार केला, डोळे ठीक, सूत मी दिलेलंच, म्हणजे खोट रंगातच. पहिल्यापासूनच असणार. पंधरा वर्षांची पोर मी, रंग धरायला घालतात ती तुरटी कमी पडली असेल. आईनं रुमाल बघितला आणि माझं मन राखायला पक्का म्हणाली असेल." तिनं दांडा पातेल्याच्या काठाला टेकवला. "इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत सुटले ते. तूसुद्धा मनात हसली असशील."

"नाही गं."

"पण मला एक कळत नाही." तिनं लोटी पातेल्यात बुडवून पाणी काढलं आणि उजेडात धरलं. "हे बघ. तिसरं पाणी आहे. जेमतेम पिवळट झालंय. लाल उतरतच नाहीये. सोड्यात नाही उतरला, तो कोमट पाण्यात कसा फुटला? तू सांग. तू बघितलंस ना ते दुपटं?"

लोटी तिनं माझ्यापुढे धरली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी सांगितलं. सूत कमी पडलं तिथपासून काउंटरखालच्या दुपट्यापर्यंत सगळं. म्हातारी म्हटलं तेही. बोलताना मी तिच्या निळ्या नखांकडे बघत होते, वर बघायची हिंमत झाली नाही. मला वाटलं, आता ही लोटी माझ्या तोंडावर फेकेल. फेकायला हवी होती.

आत्यानं वाकून शेगडी बंद केली. पायरीवर बसली. मग विचारलं,

"किती कमी पडलं होतं?"

"दोन हात."

"दोन हात," ती म्हणाली. पातेल्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "दोन हात. मागायचे होतेस गं."

मी रडायला लागले. तिनं मला गप्प केलं नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे आई खरं बोलली होती." आणि मग तिचेही डोळे भरून आले.

त्याच दिवशी मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. दारातच सांगितलं, आत बसायची माझी लायकी नव्हती. त्या म्हणाल्या, "तरीच! डोळे तर तरण्या पोरीचे आहेत त्यांचे." मग म्हणाल्या की नात झाली, काल घरी आणली, हॉस्पिटलच्या टॉवेलात गुंडाळून. यात त्यांनी मला काही सुनावलं नाही, बातमी म्हणून सांगितलं. दुपटं आणखी काही दिवस माझ्याकडे राहू द्या, असं मीच म्हटलं. संध्याकाळी किल्लीवाल्यालाही सांगितलं, चार गिऱ्हाइकं असताना, मुद्दाम मोठ्यानं. तो बिचारा किल्ली घासत राहिला, त्यालाच कानकोंडं झालं.

मी दुपट्यातला बाजारचा दोरा एकेक टाका उसवून काढला. डाग घालवायला दुपटं आत्याकडे दिलं. तिनं आठ दिवस दुपटं दव आणि ऊन खात गच्चीवर वाळत घातलं, रोज लिंबू चोळलं. डाग पुष्कळ गेला. बारकाईनं बघितलं तर अजून दिसतो.

नवव्या दिवशी तिनं मला बोलावलं. "दहाच्या आत ये," म्हणाली. मी गेले तेव्हा ती खिडकीपाशी बसली होती. समोर परातीत तो वाळलेला गोळा, आणि त्यातून वेचलेले तुकडे, कुठला बोटभर, कुठला वीतभर. आठ दिवस ती ते तुकडे एकाला एक जोडत होती, गाठ न मारता, टोकं उकलून, एकात एक घालून, पीळ देऊन. तिनं कोपर टेकलं आणि मोजलं. एक हात. दोन हात. तेवीस लडींतून तेवढंच निघालं होतं.

मी घ्यायला हात पुढे केला. तिनं दिलं नाही. सूत लोटीत बुडवलं, पांढऱ्या रुमालात ठेवून दाबलं, रुमाल उलगडला आणि माझ्यापुढे धरला.

"बोल," ती म्हणाली.

मी खिडकीच्या उजेडात रुमाल नीट बघितला. "पक्का. डाग नाही."

"टोकं आखूड सोड," आत्या म्हणाली. मग तिनं रुमालाची नीट घडी घातली आणि सुताबरोबर माझ्या हातात दिली. "हा दुकानात राहू दे. माझ्या रंगाबद्दल कुणी विचारलं तर दाखव."